विलंबाचा रकाना

कोसंबटोला, पो. अहेरी, जि. चांदा
मंगळवार, ५ नोव्हेंबर १९५७

श्री. इस्तारी मारभते,
नावघाट, सिरोंचा.

चौदा वर्षे सात महिन्यांनी माझं अक्षर आपल्या घरात येत आहे, तेव्हा आधी काम सांगतो.

लढाईच्या दिवसांत आपल्या टेकडीवर विमान-पहाऱ्याची चौकी होती. तिची आठवण म्हणून तलावाच्या पाळीवर दगड उभा करायचं ग्रामपंचायतीनं ठरवलं आहे. कल्पना माझी. सरपंच मुखरू पाटील हे आपल्याबरोबर पहाऱ्याला होतेच. आता त्यांचे दात कमी झालेत, बोलणं तेवढंच आहे. २६ जानेवारीला तहसीलदारसाहेबांच्या हस्ते दगडावरचा पडदा निघेल.

दगड वाळूचा, नदीपलीकडच्या खाणीतला, पाच फूट दोन इंच. मी स्वतः दोनदा मोजला. कोरणार पोचू वडार. मजकूर माझा: ‘सन १९४२ ते १९४४ या काळात विनावेतन, ऊन-थंडी न पाहता, या टेकडीवरून आकाशावर नजर ठेवणारे कोसंबटोल्याचे नागरिक.’ खाली सात नावं. आपलं सातवं. त्यापुढे ‘जून १९४२ ते मार्च १९४३’ असं यावं, असं माझं मत आहे. बाकीच्या सहा जणांनी अखेरपर्यंत पहारा केला, तेव्हा फरक दिसायला हवा. यात राग मानण्यासारखं काही नाही, तारखा आहेत.

आता अडचण. पाळीचा तो कोपरा पिढ्यान्‌पिढ्या ढिवर लोकांचा, तिथे जाळी वाळतात, हे आपल्याला सांगायला नको. मुखरूभाऊंनी आपल्या बहिणीला, चंदाबाईला विचारलं. ती म्हणाली, “माह्या भावाचं नाव त्याच्या मर्जीनं लागन तं दगड उभा राहीन. नाईतं आडवाच राहू द्या. जाळं वाळवाले बरा आहे.”

आणि खरोखर, इस्तारीभाऊ, तिनं आडव्या दगडावर जाळं पसरलं आहे. कोरायला घेतलेल्या बाजूवर. मासोळीची खवलं चिकटलीत. पोचू हसतो, काम करत नाही.

तरी दोन ओळींची संमती पाठवावी. पत्र आपण घाटावरच्या कोणा कारकुनाकडून वाचून घ्याल, म्हणून जुन्या गोष्टी यात लिहिलेल्या नाहीत.

आपला,
नानाजी बोरकुटे


कोसंबटोला
रविवार, २४ नोव्हेंबर १९५७

इस्तारी,

तुझं कार्ड मिळालं. ‘माझे नाव लावू नये. इस्तारी.’ बस. खुशाली नाही, रामराम नाही.

ज्याच्याकडून लिहून घेतलंस त्याला सांग, कार्डावर आधी ओळ आखत जा. डावीकडून निघालेली ओळ उजवीकडे जाईपर्यंत तिकिटाला भिडली आहे. वेलांट्या तर काही विचारू नको. सिरोंच्यात तेलुगूची सवय असेल, पण लिहिणाऱ्यानं लिहिणं नीट करावं.

मी चौथी पास माणूस. त्यापुढचं सगळं माझं मी शिकलो. घड्याळ खोलून घड्याळ शिकलो, पंचांगावरून ग्रह शिकलो. चौकी निघाली तेव्हा चांद्याच्या साहेबांनी विमानांच्या काळ्या आकृत्यांचे छत्तीस पत्ते दिले होते, ते मी अकरा दिवसांत पाठ केले. म्हणून लिहिणारा मी झालो. ऐकणारा तू झालास, कारण तुझ्यासारखा कान पाच कोसांत नव्हता. हे मी तेव्हाही म्हणत होतो. म्हणत नसलो तर मनात होतं.

आठवतं तुला, पहिल्या आठवड्यात टेकडीवर तू घागर गळ्यापर्यंत जमिनीत पुरलीस आणि तोंडाशी कान लावून पालथा पडलास. साहेब विचारू लागले, हा झोपला का? तू म्हणालास, “तलावात डोंग्याच्या बुडाले कान लावला का मासोळीचा थवा समजते, साहेब. इथी डोंगा नाई, म्हणून घागर.” साहेब हसले. नंतर मी घड्याळ लावून पाहिलं. माझ्या कानाला विमान यायच्या आधी सरासरी दोन मिनिटं चाळीस सेकंद ते तुझ्या घागरीत येत होतं. हा आकडा माझ्याजवळ आहे. नोंदवहीही माझ्याजवळ आहे. चौकी बंद झाली तेव्हा कोणी मागितली नाही, मी दिली नाही.

कालपासून ती काढून बसलो आहे. रकाने मीच आखले होते: वेळ, दिशा, संख्या, आवाज, ऐकणारा, लिहिणारा, आणि शेवटचा, विलंब व त्याचे कारण. ऐकणाऱ्याचा अंगठा आणि लिहिणाऱ्याची सही, दोन्ही असल्याशिवाय खबर टेकडीखाली जायची नाही, हा नियम. मग बुधूनं चिठ्ठी घेऊन जंगलखात्याच्या बंगल्यावर धावायचं आणि टेलिफोनवरून ती अहेरीला, पुढे चांद्याला. मी वेळ मोजून पाहिला होता. टेकडी ते टेलिफोन, सतरा मिनिटं.

७ मार्च १९४३ चं पान आज दोनदा वाचलं. लिहिलं आहे, तीन विमानं, पूर्वेकडून. खाली तुझा अंगठा. तू काय म्हणाला होतास ते पानावर नाही. तू म्हणालास, “नानाभाऊ, माश्या आहेत. कड्यावरचं आग्यामोहोळ उठलं.” मोहाच्या झाडांखाली पाला जाळणं सुरू होतं, धुरानं माश्या उठल्या होत्या. मी म्हणालो, छत्तीस पत्ते तू पाहिलेत का मी? आणि खबर खाली पाठवली. अहेरीचा बाजार उठला. बायका टोपल्या टाकून पळाल्या. दुसऱ्या दिवशी साहेब मोटारीनं आले आणि मी त्यांना नेऊन काय दाखवलं, तर आंब्याच्या फांदीवर बसलेलं मोहोळ.

ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापुढे महिनाभर बाजारात कोणीही थांबवून विचारायचं, “काऊन जी नानाजी, आज किती विमानानं मध देल्ला?” मुखरूभाऊ तर मला मोहोळमास्तर म्हणू लागले. तुला कोणी काही म्हणालं नाही. चूक माझ्या नावावर गेली आणि मी ती जाऊ दिली. हे लक्षात घे.

जुन्या गोष्टी लिहिणार नव्हतो, लिहून बसलो. संमती पाठव. सव्वीस जानेवारीला त्रेसष्ट दिवस उरलेत.

नानाजी


कोसंबटोला
सोमवार, १६ डिसेंबर १९५७

इस्तारी,

बावीस दिवस झाले. सिरोंच्याची डाक पाच दिवसांत येते. म्हणजे तू लिहिलेलं नाहीस.

इकडे माझं कशात लक्ष नाही. शाळेच्या गुरुजींचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला आलं आहे. खोललं, स्प्रिंग काढली, आणि आठ दिवस ती ताटलीत पडून आहे. धान मळायचं आहे, घरचे बोलावतात, मी खळ्यावर जाऊन परत येतो. काल तर पाळीवर गेलो आणि चंदाबाईशी भांडून आलो.

मी म्हणालो, बाई, जाळं काढ, पोचूला अक्षरं पाडायची आहेत. ती म्हणाली, “पाडा ना. मी का हात धरून राह्यली का?” म्हणालो, तुझ्या भावाचं उत्तर येत नाही. म्हणाली, “तुमीच काईतरी असं लिवलं असन, का उत्तर नाई येत.” मग जाळ्याची गाठ सोडवत, माझ्याकडे न पाहता, “नानाजी, त्यानं तवा तुमाले काय सांगतलं होतं? मले सांगून गेला नाई. कोनालेच सांगून गेला नाई. एका दिवसात डोंगा इकून गेला.”

मी म्हणालो, मला काम आहे, आणि निघालो.

तिथून सरळ टेकडी चढलो. पन्नाशी आली, धाप लागते. आपली झोपडी पडली, पण घागरीचा खड्डा आहे. खापर निघालं. दिशा दाखवायला आपण चुना लावून गोल मांडलेले बत्तीस धोंडे, त्यातले एकोणतीस जागेवर आहेत. कड्यावर मोहोळं लागलीत, अकरा मोजली.

आता लिहितोच. पत्र वाचणारा जो कोणी असेल, त्यानं वाचून विसरावं.

१९ मार्च १९४३, शुक्रवार, होळीला दोन दिवस. पहिल्या चुकीला बारा दिवस झाले होते. तू घागरीवरून मान उचललीस आणि म्हणालास, विमान. मी म्हणालो, माश्या. तू म्हणालास, “नाई भाऊ, विमान. पन बरं नाई वाजून राह्यलं.” मी म्हणालो, मोहोळ. धूर होता, आकाश दिसत नव्हतं, कड्यावरून माश्यांचा आवाज येतच होता. मी प्रामाणिकपणे माश्या समजलो. बारा दिवसांपूर्वी ज्यानं माश्यांना विमान म्हटलं त्यानं पुन्हा घाई करावी का? कोणीही शहाणा माणूस हेच करता.

पाचव्या दिवशी जंगू मडावी मोह वेचायला डोंगरापलीकडे गेला आणि त्याला ते सापडलं. आपल्याच बाजूचं विमान, दोन गोरे सैनिक. टेकडीपासून साडेसात मैल. एक पडताच गेला होता. दुसरा सावलीला सरकत झाडाखाली आला होता. पायातला बूट कापून काढला होता. बाजूला रिकामी बाटली होती. आणि झाडाच्या सालीवर चाकूच्या तीन उभ्या रेघा. दिवस मोजले असावेत, असं साहेब म्हणाले.

तीन, इस्तारी. खबर चार वाजून वीस मिनिटांनी निघाली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं तिथे असती. हे गणित मी इतक्या वेळा केलं आहे की आता आकडे न मांडता येतं.

पण चूक प्रामाणिक होती. एवढं तू मान्य कर आणि संमती दे.

नानाजी


कोसंबटोला
मंगळवार, ३१ डिसेंबर १९५७

इस्तारी,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

पत्र टाकून पंधरा दिवस झाले, त्यात एक दिवस नीट गेला नाही. ते परत मागवता आलं असतं तर अहेरीपर्यंत पायी गेलो असतो. आज खरं लिहितो. जो हे तुला वाचून दाखवत असेल त्यानं मोठ्यानं वाचावं, मधलं काही गाळू नये. घाटावर चार माणसं बसली असतील तर त्यांनीही ऐकावं.

मी ऐकलं होतं.

तू मान उचललीस त्यानंतर अडीच मिनिटांनी, माझ्या उघड्या कानानं. माश्यांचा आवाज एकसारखा असतो, हे बारा दिवसांपूर्वी मी शिकलो होतो, चांगली किंमत देऊन शिकलो होतो. हा तुटत होता. येई, थांबे, पुन्हा येई. मला कळलं होतं, इंजिन आहे आणि ते बिघडलं आहे. पण डोळ्यांपुढे बाजार आला. खबर खाली जाईल, पुन्हा काही निघणार नाही, पुन्हा मोटार येईल, मुखरू पाटील पुन्हा हसतील. मी म्हणालो, माश्या. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस. तुला तेव्हाच कळलं असेल. कान तुझा होता.

तू म्हणालास, “लिव्हा तरी, भाऊ. धाडा का नोका धाडू, पन लिव्हा.” मी म्हणालो, लिहितो. नोंदवही पुढे ओढली आणि लिहिलं. तुझ्याकडे शाईची गादी सरकवली, तू अंगठा दिलास. तुला वाटलं, तुझं विमान लिहिलं.

मी लिहिलं होतं, ‘निरंक’.

म्हणजे काहीही ऐकू आलं नाही. त्याखाली तुझा अंगठा, त्याखाली माझी सही, पल्लेदार.

चौकशीला साहेब आले तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, मी ऐकलं होतं, लिहूनही दिलं होतं. साहेबांनी पान उघडलं आणि वाचून दाखवलं. म्हणाले, हा अंगठा कोणाचा? तू पाहिलास आणि म्हणालास, माझाच. मग माझ्याकडे वळलास. मी धोंडे मोजत होतो. साहेब म्हणाले, दोन माणसं मेल्यावर आता ऐकू आलं का? आणि तुझा हातावरचा बिल्ला काढून घेतला. तू एक शब्द बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं, असं मी आजवर मनात तुलाच बोलत आलो.

माझ्या घरी कोणाला हे ठाऊक नाही. मुखरूभाऊंना नाही. चौकी उत्तम चालवली म्हणून मला कागद मिळाला होता, तो चौकटीत लावला आहे, त्याच्याखाली बसूनच हे लिहितो आहे.

आता मागणं वेगळं आहे. संमती नको. माझं नाव दगडावरून काढायला पोचूला सांगितलं आहे. नाव होतं पहिलं, आणि त्यानं ते परवा खोदून ठेवलं. म्हणाला, “मालक, दगडावरचं पुसत नाई. छिलावं लागते.” म्हटलं, छील. ती जागा खोल होईल, होऊ दे.

त्या जागी तुझी खबर यावी. चौदा वर्षांपूर्वीची, जशी होती तशी. पण ती मजजवळ नाही. माझ्या वहीत निरंक आहे. मी आठवून लिहू गेलो तर ती पुन्हा माझीच होईल. तू सांग. वेळ, दिशा, संख्या, आवाज. जेवढं आठवेल तेवढं. नाही आठवलं तर तसं लिही. नाही लिहिलंस, तरी सव्वीस तारखेला जे वर लिहिलं ते मी पाळीवर उभा राहून सांगणार आहे.

नानाजी


कोसंबटोला
बुधवार, १५ जानेवारी १९५८

इस्तारी,

पाकीट काल मिळालं. आतल्या दोन पानांवरची ओळ तशीच चढलेली, वेलांट्या तशाच. पहिलं वाक्य वाचलं आणि पत्र खाली ठेवून अंगणात गेलो.

‘तुमचे चारी पत्र मीच वाचले. मागचे कारड पन मीच लिवले. ओळ आखून लिवत जाईन.’

मी काय लिहू? नोव्हेंबरात तुझ्या अक्षराला नावं ठेवली, ती परत घेतो, म्हटलं तर ती तुझ्या घरात कागदावर आहेत. ठेव तशीच.

तू लिहितोस, सिरोंच्याला आल्यावर आधी तेलुगू शिकलास, कारण घाटाच्या पाटीवर ती होती, मग मुलीच्या पाटीवरून आपली. ‘पुन्ना कोनाच्या लिवल्याखाली अंगठा द्याचा नाई म्हनून.’ मी स्वतःच्या बळावर शिकलेला माणूस म्हणून आयुष्यभर मान वर करून फिरलो. तुला शिकावं लागलं ते माझ्यामुळे. या दोन शिकण्यांत कोणतं मोठं, ते मला कळतं.

आणि खबर. मी ती तीनदा उतरवली, एक अक्षर न बदलता:

‘रोज शुक्रवार. उन्न कलली होती, नानाभाऊनं घडी पाह्यली तवा चार वाजून बारा मिन्ट बोल्ले. इमान एक. वायव्येकून आलं, बत्तिसातल्या अठ्ठाविसाव्या धोंड्यावरून, आन बाराव्या धोंड्याकडे गेलं. ठेंगनं उडत होतं. आवाज तीन डाव तुटला. चौथ्या डाव आला नाई.’

चार वाजून बारा मिनिटं. मी घड्याळ पाहिलं होतं. वेळ मोठ्यानं बोललोही होतो, आणि बोललो होतो हे मी विसरलो होतो, तू नाही. बाराव्या धोंड्याची दिशा काल जाऊन धरली. ती काठीवर काठी ठेवल्यासारखी त्या डोंगराच्या खिंडीत जाते. जंगूला ते तिथेच सापडलं होतं.

चौथ्या वेळी आला नाही, हे तू तेव्हा मला सांगितलं नव्हतंस. का मी सांगू दिलं नाही?

शेवटी तू जे लिहिलंस त्यावर मी रात्रभर... नाही, ते असो. तू लिहितोस, ‘तुमचं नाव छिलू नोका. एका नावानं खबर खाली जात नाई, असा कायदा तुमीच केला होता. ऐकनारा मी. लिवनारा कोन?’

पोचूला थांबवलं. पण त्याचा हात माझ्यापेक्षा चलाख, वरचं नाव छिलून झालं होतं. तिथे आता बोटभर खोल पट्टी आहे. तुझी खबर त्या पट्टीत बसवतो आहे. माझं नाव खाली, तुझ्यानंतर, लिहिणारा म्हणून.

मुखरूभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी तोंडातलं पान थुंकलं. म्हणाले, “आता काऊन काढून राह्यला, नानाजी? मेले थे मेले. गावाचं नाव खराब होते.” मी म्हणालो, गावाचं नाही, माझं. म्हणाले, “तुही मर्जी. तहसीलदार काय बोलन थे तूच पाह्य.”

तू येशील का, हे विचारत नाही. अहेरीहून गावापर्यंत बैलगाडी उभी राहील, पंचवीसला आणि सव्वीसला सकाळी. रिकामी आली तर मी समजेन.

नानाजी


कोसंबटोला
मंगळवार, २८ जानेवारी १९५८

इस्तारी,

गाडी दोन्ही दिवस रिकामी आली. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून.

सव्वीसला माणसं बरीच होती. जंगू, बुधू, सगळे जुने पहारेकरी. घाटाकडच्या टोल्यांवरची गोंड मंडळी आली होती. शाळेच्या पोरींनी गाणं म्हटलं. तहसीलदारसाहेब पावणेदोन तास उशिरा आले, त्यांनी कारण सांगितलं नाही.

पडदा निघायच्या आधी मी उभा राहिलो. लिहून नेलं होतं, चष्माही नेला होता. कागद पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला. साहेबांनी वाचून दाखवलेल्या कागदानं एकदा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तोंडानंच सांगितलं. माश्यांचं, विमानाचं, निरंकाचं, अंगठ्याचं. किती वेळ लागला ते पाहिलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच असं झालं असेल.

तहसीलदारसाहेब मुखरूभाऊंच्या कानात कुजबुजले, मुखरूभाऊंनी मान हलवली आणि दोरी त्यांच्या हातात दिली. बुधू, जो चिठ्ठ्या घेऊन धावायचा, तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “भाऊ, त्या दिवशी मी खालीच बसलो होतो. पायात जोर होता.” आणि निघून गेला. याहून कोणी जास्त लागेल असं बोललेलं मला आठवत नाही.

सैनिकांची नावं आपल्याला कधी कळलीच नव्हती. दगडावर ‘दोन वैमानिक’ एवढंच घातलं.

माणसं पांगल्यावर चंदाबाई आली. दगडाला हात लावून म्हणाली, “माहा भाऊ कुठी आहे?” दाखवलं. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. “आन हे वरतं काय लिवलं?” सगळी खबर वाचून दाखवली, तुझ्याच शब्दांत. म्हणाली, “पुन्ना वाचा.” पुन्हा वाचली. ‘चौथ्या डाव आला नाई’ इथे तिनं डोळे मिटले.

मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं. ती माझी. वहीचा शेवटचा रकाना मी सोडू शकलो नव्हतो, म्हणून पोचूकडून घालून घेतला होता. तीही वाचली: ‘खबर पोचण्यास विलंब, वर्षे चौदा, महिने दहा, दिवस सात.’

तिनं बोट उचललं. मला वाटलं, झालं. मग म्हणाली, “आन काऊन उशीर झाला, थे नाई लिवलं?”

मी म्हणालो, ते सकाळी सगळ्यांना सांगितलं ना बाई. ती म्हणाली, “सांगतलं थे हवेत गेलं, नानाजी. मी मेल्यावर कोन सांगन?”

खरं आहे. रकान्याचं नाव विलंब व त्याचे कारण असं आहे आणि तो मीच आखला होता. अर्धा भरून ठेवला होता. सोमवारी पोचूला परत बोलावलं. किती शब्द, म्हणून त्यानं विचारलं, खाली जागा चार बोटं उरली होती. मी पाटीवर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. घाई, गैरसमज, धूर, असं बरंच सुचलं. सगळं पुसून जे उरलं ते त्याला दिलं. आज दुपारी कोरून झालं. खाली उतरवून देतो, ओळ आखून.

आज चंदाबाईनं जाळं दगडावर टाकलं नाही. बाजूला दोन बांबू रोवून त्यावर टाकलं. वारा आला की जाळ्याची एक कड दगडाला लागते. त्याला माझी हरकत नाही.

ऐकणारा : इस्तारी मारभते
लिहिणारा : नानाजी बोरकुटे
विलंबाचे कारण : ऐकले होते. लिहिले नाही.